मोटरवाला फोम ब्लास्टर हातात आलाय? पहिल्या गोळ्यापासून पहिल्या साफसफाईपर्यंत

फोमचे मऊ गोळे मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीचं, म्हणजे ब्लास्टरचं, खोकं उघडलं, सेल घातले, गोळे भरले आणि चाप ओढला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि पिवळा गोळा नळीच्या तोंडातून घरंगळत येऊन माझ्या पायाशी पडला. दुसराही तसाच. तिसरा दोन हात पुढे गेला आणि चौथा आतच अडकून बसला. खोक्यावर मात्र सेकंदाला १०० फूट वेग छापलेला. माल खराब निघाला असं मानून मी तो परत खोक्यात भरायला घेतला होता. तेवढ्यात पुतण्यानं तो माझ्या हातातून घेतला. आधी मोटरचा चाप दाबून धरला, आवाज चढत चढत एका सुरात येईपर्यंत थांबला आणि मगच गोळा सोडणारा चाप ओढला. गोळा समोरच्या भिंतीवर आपटून आमच्यापर्यंत परत आला.

त्यानंतर मी बऱ्याच जणांना हे खेळणं हाताळायला शिकवलं. ‘लांब जात नाही’, ‘सारखा अडकतो’, ‘एका बाजूला वळतो’ या तीन तक्रारी हमखास येतात. आणि दहातल्या नऊ वेळा मूळ एकच असतं: गोळा आतल्या फिरत्या चाकांना भिडतो त्या क्षणी चाकं पुऱ्या वेगात नसतात. सेल दमलेले असोत, बोट घाईत असो, गोळा फुगलेला असो किंवा चाकांवर धूळ बसलेली असो, परिणाम तोच. हे एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळेल.

हा लेख साधारण २३ मिलिमीटर व्यासाच्या, खळगे असलेल्या फोमच्या गोळ्यांवर चालणाऱ्या मोटरवाल्या ब्लास्टरबद्दल आहे. हॅस्ब्रो कंपनीच्या ‘नर्फ’ या ब्रँडच्या रायव्हल मालिकेनं २०१५ मध्ये हा प्रकार लोकांसमोर आणला. आता त्याच मापाचे गोळे वापरणारी इतर कंपन्यांची खेळणीही मिळतात. फोमची लांबट डार्ट मारणाऱ्या ब्लास्टरलाही यातलं बरंच लागू पडतं.

## आत नेमकं काय चालतं

नळीच्या मागे समोरासमोर दोन चाकं असतात आणि ती एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात. दोन्हींमधली फट गोळ्याच्या व्यासापेक्षा थोडी कमी असते. मागून गोळा त्या फटीत ढकलला गेला की चाकं त्याला दाबून पकडतात आणि पुढे भिरकावतात. बस्स, एवढंच. हवेचा दाब नाही, ताणलेली मोठी स्प्रिंग नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. गोळ्याला मिळणारी सगळी ताकद चाकांनी आधी साठवलेली असते, म्हणून चाकांना वेग घ्यायला वेळ द्यावा लागतो. आणि प्रत्येक गोळा जाताना त्यातली थोडी ताकद घेऊन जातो, म्हणून दोन गोळ्यांच्या मध्ये चाकांना दम घेऊ द्यावा लागतो.

## १. नाव वाचायला शिका

रायव्हल मालिकेतल्या नावांपुढचे आकडे आणि अक्षरं शोभेची नाहीत. ‘झ्यूस एमएक्सव्ही-१२००’ घ्या. ‘एम’ म्हणजे मोटरवाला. ‘एक्सव्ही’ म्हणजे रोमन आकड्यांतले १५, अर्थात २०१५ साल. १२०० ला १०० नं भागलं की आले १२, म्हणजे एका भरणात बारा गोळे. त्याच हिशेबानं ‘केऑस एमएक्सव्हीआय-४०००’ हा २०१६ चा, चाळीस गोळ्यांचा. ‘नेमेसिस एमएक्सव्हीआयआय-१०के’ २०१७ चा, शंभर गोळ्यांचा. ‘प्रोमिथियस एमएक्सव्हीआयआयआय-२०के’ २०१८ चा, दोनशे गोळ्यांचा. सुरुवातीला ‘एम’ नसेल तर तो हातानं स्प्रिंग ओढायचा ब्लास्टर आहे. चुकून तो घेऊन येणारे बरेच भेटतात.

गोळे आत कसे जातात ते घेण्याआधीच बघा. मॅगझिनवाल्यात गोळे एका डबीत ओळीनं बसतात आणि आतली स्प्रिंग त्यांना पुढे सरकवते. असा ब्लास्टर आडवा-उलटा कसाही धरा, चालतो. हॉपरवाल्यात वरच्या टोपलीत गोळे सुटे ओतायचे आणि खालचा पट्टा ते उचलून चाकांकडे नेतो. भरायला सोपा, पण उलटा धरला की गोळे पट्ट्यावर पडतच नाहीत.

पहिलाच ब्लास्टर असेल तर माझं मत मॅगझिनवाल्याच्या बाजूनं आहे. शंभर-दोनशे गोळ्यांचा आकडा मोहात पाडतो, पण वजन पाहा. नेमेसिसला डी मापाचे सहा सेल लागतात. असा एक अल्कलाइन सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नुसते सेलच ८०० ग्रॅमच्या वर. झ्यूसला सी मापाचे सहा लागतात, ते सगळे मिळून त्याच्या निम्म्याच्या आसपास. अर्धा तास हात उचलून धरायचा असेल तर हा फरक खांद्याला चांगलाच जाणवतो.

## २. हे जवळ असू द्या

- फुलीचा स्क्रूड्रायव्हर. सेलचं झाकण बहुतेक वेळा स्क्रूनं बंद असतं
- एकाच खोक्यातले, एकाच वेळी उघडलेले अल्कलाइन सेल किंवा त्या ब्लास्टरचीच रिचार्जेबल बॅटरी
- खेळणाऱ्या आणि बघणाऱ्या प्रत्येकासाठी संरक्षक गॉगल
- योग्य मापाचे गोळे, भरणाच्या निदान दुप्पट
- जाळीची पिशवी, गोळे गोळा करायला आणि वाळवायला
- कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, साफसफाईसाठी
- जमलं तर साधा मल्टिमीटर, सेलचं व्होल्टेज मोजायला

मल्टिमीटर काहींना जास्तीचा वाटेल. पण ‘ब्लास्टर बिघडला की सेल गेले’ हा वाद तो अर्ध्या मिनिटात मिटवतो.

## ३. सेल: सर्वात जास्त फसगत इथेच

मोटरवाला ब्लास्टर एका क्षणात भरपूर करंट मागतो. भिंतीवरच्या घड्याळाला महिनोन्‌महिने पुरणारा सेल इथे दहा मिनिटांत गळपटतो.

पहिली फसगत वेष्टनावरच्या शब्दांची. ‘हेवी ड्यूटी’ असं ठळक लिहिलेले सेल दणकट वाटतात, पण ते सहसा झिंक-कार्बनचे असतात आणि एवढा करंट त्यांना झेपत नाही. ‘अल्कलाइन’ हा शब्द शोधा. तो नसेल तर ठेवून द्या.

दुसरी, जुने-नवे मिसळण्याची. सहा सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी दमला तरी बाकी पाचांची वाट तोच अडवतो. पाच नवे आणि रिमोटमधून काढलेला एक जुना असं करू नका. बदलायचे तर सहाच्या सहा बदला.

तिसरी, लहान सेलला प्लास्टिकचं कवच चढवून त्याचा मोठा सेल करण्याची. मापात बसतो, मोटर फिरतेही, पण भार पडला की व्होल्टेज झपकन खाली येतं. तपासायला चालेल, खेळायला नाही.

नवा अल्कलाइन सेल मल्टिमीटरवर १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो. १.३ च्या खाली आला की ब्लास्टरमधून काढा आणि घड्याळाला द्या, तिथे तो अजून बरेच दिवस चालेल. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलचा आकडा १.२ च असतो, म्हणून ते कमजोर समजले जातात. प्रत्यक्षात भाराखाली ते आपलं व्होल्टेज टिकवून धरतात, त्यामुळे लांबलचक फैरीत अल्कलाइनपेक्षा बरे ठरतात. प्रोमिथियससारख्या मोठ्या ब्लास्टरसोबत रिचार्जेबल बॅटरीच येते.

सेल घालताना खाचेतली अधिक-उणे खूण प्रत्येक सेलला वेगळी पाहा. शेजारशेजारचे सेल उलटसुलट बसतात आणि घाईत नेमका एक चुकतो. झाकणाचा स्क्रू लागला की थांबा, जोर काढू नका. प्लास्टिकमधला आटा एकदा गेला की झाकण कायमचं सैल.

## ४. गोळे निवडा, चाचपा, भरा

मापाची खात्री आधी. गोळे दिसायला सारखे असले तरी सगळे एका जातीचे नसतात. नर्फच्याच हायपर मालिकेचे गोळे, २०२१ मध्ये आलेले, आकारानं लहान आहेत आणि रायव्हलमध्ये चालत नाहीत. चाकांच्या फटीतून ते सैल निघून जातात. पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्यांचा तर या ब्लास्टरशी काहीच संबंध नाही, ते आत फुटले तर मोटरपर्यंत पाणी जातं.

नवा गोळा बोटांत दाबून सोडलात की तो ताबडतोब मूळ आकारात येतो. हीच चाचणी जुन्यांना लावा. मी एका जाड पुठ्ठ्याला नव्या गोळ्याच्या मापाचं भोक पाडून ठेवलंय. ज्या गोळ्याला त्यातून जायला ढकलावं लागतं तो फुगलेला. जो टेबलावर लोटला की लडबडत जातो तो चपटा. ज्याचा तुकडा निघालाय किंवा जो भेगाळलाय तो सरळ फेकायचा. एक फाटका गोळा चाकांत सापडला की त्याचे कण सगळीकडे पसरतात.

ओले गोळे कधीही भरू नका. फोम पाणी धरून ठेवतो, गोळा जड होतो आणि चाकांवर सटकतो. गवतातून उचललेल्या गोळ्यांना चिकटलेली वाळू तर चाकांचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करते, मग पकड जाते ती जातेच. भरण्याआधी गोळे दोन्ही तळव्यांत एकदा चोळून घ्या.

मॅगझिन पूर्ण भरून रात्रभर ठेवू नका. मी एकदा भरलेलं मॅगझिन कपाटात ठेवून तीन-चार महिने विसरलो होतो. काढलं तेव्हा गोळे एकमेकांना टेकून जिथे जिथे दाबले गेले होते तिथे नाण्याएवढे सपाट झाले होते. दोन दिवस सुटे ठेवल्यावर काही सुधारले, बाकीचे तसेच राहिले. त्यातला कुठलाच पुन्हा सरळ गेला नाही.

हॉपर असेल तर काठोकाठ भरू नका. थोडी जागा सोडली की गोळे हलते राहतात आणि पट्ट्यावर नीट पडतात.

## ५. डोळे झाका, मगच मोटर सुरू करा

सेकंदाला १०० फूट म्हणजे ३० मीटर, ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. गोळा मऊ आहे आणि जेमतेम दोनेक ग्रॅमचा आहे हे खरं. अंगाला टोचल्यासारखं होतं आणि विसरून जाता येतं. डोळ्याची गोष्ट वेगळी. २०१७ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात तीन रुग्णांची हकिकत मांडली. फोमची डार्ट लागून तिघांच्याही डोळ्यात आतून रक्तस्राव झाला होता. त्यातले दोघे मोठी माणसं होती. म्हणजे ‘पोरांचा खेळ आहे, आपण मोठे आहोत, सांभाळू’ हे इथे चालत नाही.

नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नाही. बाजूनं बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा. त्यावर ‘झेड८७+’ असा छाप असेल तर तो आघातासाठी तपासलेला आहे. चष्मा लावत असाल तर वरून बसणारा घ्या. रायव्हलच्या खोक्यावर १४ वर्षांपुढे असं वय लिहिलेलं असतं, ते मनावर घ्या. घरातल्या लहानग्यानं हट्ट धरला तर त्याच्यासाठी कमी वेगाचा वेगळा ब्लास्टर आणा. हा त्याच्या हाती देऊ नका.

खेळाआधी तीन गोष्टी सगळ्यांदेखत ठरवून टाका: चेहऱ्यावर नेम नाही, हाताच्या अंतरावरून मारा नाही, आणि कुणी ‘थांबा’ म्हणालं की सगळ्यांची बोटं चापावरून बाहेर. गॉगल काढायचा तो सगळे ब्लास्टर खाली ठेवल्यावर.

नळीत डोकावून बघणं हे सर्वात वाईट. ‘गोळा का येत नाही’ हे पाहायला माणूस नकळत डोळा लावतोच, म्हणून मुद्दाम सांगतोय.

## ६. दोन चाप, एक क्रम

आता मुख्य भाग. बहुतेक मोटरवाल्या ब्लास्टरला दोन चाप असतात. एक चाकं फिरवतो, दुसरा गोळा ढकलतो.

अ. मोटरचा चाप पूर्ण दाबा आणि दाबूनच ठेवा. आवाज ऐका. सुरुवातीला तो खालून वर चढतो, मग एका सुरात स्थिर होतो. नव्या सेलवर याला एखादा सेकंद लागतो, दमलेल्यांवर त्याहून जास्त. घड्याळ बघू नका, कान द्या. सूर चढायचा थांबला म्हणजे चाकं तयार.

आ. मगच दुसरा चाप ओढा, आणि शेवटपर्यंत ओढा. झ्यूससारख्या ब्लास्टरमध्ये तुमच्या बोटाच्या जोरावरच गोळा पुढे सरकतो. अर्धवट ओढलात तर गोळा चाकांच्या तोंडाशी अर्धा आत अर्धा बाहेर राहतो. ओढणं जसं पूर्ण तसं सोडणंही पूर्ण. चाप पुढे जाऊन मूळ जागी टेकला की पुढचा गोळा त्याच्या जागी येतो.

इ. गोळा सुटल्यावर सूर किंचित खाली येतो आणि पुन्हा वर चढतो. पुढचा गोळा तो पुन्हा चढल्यावर. हाच तो दम. नेमेसिससारख्या, पट्टा दुसऱ्या मोटरवर चालणाऱ्या ब्लास्टरमध्ये चाप धरून ठेवला की गोळ्यांची झड लागते, आणि ऐकायला फार छान वाटतं. पण त्याच सेलवर आता दोन कामं पडलेली असतात. पहिले चार-पाच गोळे लांब जातात, मग एकेक अलीकडे पडायला लागतो. तीन-चार गोळ्यांची छोटी फैर, क्षणभर थांबणं, पुन्हा फैर. यात गोळे कमी लागतात आणि लागायचे तिथे लागतात.

ई. थांबताना क्रम उलटा. आधी गोळ्याचा चाप सोडा, चाकं अर्धा सेकंद मोकळी फिरू द्या, मग मोटरचा चाप सोडा. दोन्ही एकदम सोडलेत तर वाटेत असलेला गोळा मंदावणाऱ्या चाकांत रुतून बसतो आणि पुढच्या वेळी मोटर सुरूच होत नाही. मी पाहिलेले निम्मे अडकलेले गोळे असे थांबताना अडकलेले होते.

नवख्यांना मी एक सराव देतो. रिकामा ब्लास्टर, गोळा एकही नाही. मोटर दाबा, सूर स्थिर झाला की तोंडानं ‘हो’ म्हणा, मग दुसरा चाप ओढा. वीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण यानं कानाला सवय लागते आणि खेळाच्या गडबडीतही बोट थांबतं.

गडबडीची युक्तीही सांगून ठेवतो. आडोशाच्या मागे असतानाच मोटर सुरू करा आणि सूर लागल्यावर बाहेर या. बाहेर येऊन मोटर दाबणारा तो एक सेकंद उघड्यावर उभा राहतो. मात्र मोटरचा आवाज समोरच्यालाही ऐकू जातो. सतत मोटर चालू ठेवलीत तर तुम्ही कुठे आहात ते सगळ्यांना कळतं, सेलही उगाच संपतात.

## ७. नेम आणि अंतर

हलका गोळा हवेत फार लवकर मंदावतो. ३० मीटर वेगानं निघालेल्या, या मापाच्या आणि वजनाच्या गोळ्याचा हिशेब मांडला तर दहा मीटरवर पोचेपर्यंत त्याचा वेग साधारण निम्मा होतो आणि तिथवर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो. त्या अर्ध्या सेकंदात धावणारा माणूस दीड मीटर पुढे गेलेला असतो. म्हणून पळणाऱ्यावर नेम धरायचा तर तो जिथे जाणार आहे तिथे धरायचा. दहा मीटरपर्यंतचा खेळ हा या ब्लास्टरचा खरा प्रांत. ‘तीस मीटर जातो’ असं कुणी सांगितलं तर तो नळी आभाळाकडे करून गेलेला असतो, नेम धरून नव्हे.

गोळा किती खाली येतो ते प्रत्येक ब्लास्टरचं वेगळं असतं, कारण गोळ्याला मिळणारी फिरकी वेगळी असते. पुठ्ठ्याचं खोकं पाच मीटरवर ठेवा, दहा गोळे मारा. मग दहा मीटरवर ठेवून पुन्हा दहा. कुठे लागतात ते बघा आणि नळी तेवढी वर धरायची सवय करा. वाऱ्यात हा सराव करू नका, गोळा कुठेही जातो आणि काहीच कळत नाही.

गोळे सतत एकाच बाजूला वळत असतील तर तो योगायोग नाही. दोन चाकांपैकी एक मंद असलं की गोळा स्वतःभोवती गिरकी घेत निघतो आणि मंद चाकाच्या बाजूला वळतो. डावीकडे वळतोय तर डावं चाक बघा: धूळ बसलीय का, केस गुंडाळलाय का, फोमचा तुकडा अडकलाय का. चाकं वर-खाली बसवलेली असतील तर हाच न्याय वर-खाली लावा. कधी इकडे कधी तिकडे वळत असतील तर दोष चाकांचा नाही, गोळ्यांचा. पुठ्ठ्याच्या भोकाची चाचणी पुन्हा घ्या.

## ८. गोळा अडकला तर

आधी हे वाचा, कारण अडकल्यावर वाचायला धीर राहत नाही.

माझ्याकडून झालेली चूक अशी. गोळा अडकला, मोटर नुसती गुणगुणत होती आणि मी ‘निघेल निघेल’ म्हणत चाप दाबून ठेवला. पाचसहा सेकंदांत करपल्यासारखा वास आला. अडकलेली मोटर फिरत नाही, पण करंट पूर्ण खाते आणि तो सगळा उष्णतेत जातो. ती मोटर नंतर चालली, पण पहिल्यासारखी कधीच नाही.

तेव्हा, मोटर गुणगुणतेय आणि फिरत नाही असं वाटलं की त्याच क्षणी दोन्ही चाप सोडा. मॅगझिन काढा किंवा हॉपर रिकामा करा. सुरक्षा खटका लावा, आणि बॅटरी झटक्यात निघत असेल तर तीही काढा. मग वरचं किंवा बाजूचं झाकण उघडा. बऱ्याच ब्लास्टरमध्ये हे झाकण उघडं असताना मोटर चालत नाही, पण त्याच्या भरवशावर बोट आत घालू नका. गोळा बोटांनी मागच्या बाजूला ओढा, ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं. पेन्सिल, चमचा, स्क्रूड्रायव्हर असलं काही चाकांमध्ये खुपसायचं नाही. चाकाला एक ओरखडा पडला की प्रत्येक गोळा तिथे सोलला जातो. निघालेला गोळा निरखा. त्याला खाच पडली असेल तर तो परत भरू नका.

सारखं अडकत असेल तर आठवून बघा: कधी अडकतो? सुरुवातीलाच, तर तुम्ही सूर लागायच्या आत चाप ओढताय. थांबताना, तर दोन्ही चाप एकदम सोडताय. मधेच केव्हाही, तर गोळे किंवा सेल.

## ९. नवा असतानाच वेग मोजून ठेवा

यासाठी यंत्र लागत नाही, हळू गतीचं चित्रण करणारा फोन पुरतो. नळीच्या तोंडापासून बरोबर ३ मीटरवर पुठ्ठा ठेवा. फोन बाजूला असा ठेवा की नळी आणि पुठ्ठा दोन्ही दिसतील. सेकंदाला २४० फ्रेम घेणारं चित्रण करा. गोळा नळीतून बाहेर येतो ती फ्रेम आणि पुठ्ठ्याला लागतो ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा. २४ भरल्या तर गोळ्यानं ते अंतर ०.१ सेकंदात कापलं, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ३० मीटर. ३२ भरल्या तर साडेबावीस.

पाच गोळ्यांची सरासरी, तारीख आणि कुठले सेल होते ते कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाच्या आत चिकटवा. दोन महिन्यांनी ‘पूर्वी लांब जायचा’ असं वाटलं की पुन्हा मोजा. आकडा घसरला असेल तर क्रमानं जा: नवे सेल, मग नवे गोळे, मग चाकांची सफाई. एका वेळी एकच गोष्ट बदला.

## १०. सफाई आणि ठेवण

दोन-तीनशे गोळ्यांनंतर चाकांवर फोमची पिवळसर भुकटी बसलेली दिसते. सेल काढा, झाकण उघडा, कापसाची काडी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून चाकाच्या कडेवरून फिरवा आणि बोटानं चाक थोडं थोडं पुढे सरकवा. काडी स्वच्छ निघेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. चाकांना तेल, ग्रीस, सिलिकॉनचा फवारा काहीही लावू नका. चाकांचं काम पकडायचं आहे, घसरवायचं नव्हे.

मळलेले गोळे कोमट पाण्यात थोड्या साबणानं हलके धुवा, पिळू नका, जाळीच्या पिशवीत सावलीत एक-दोन दिवस टांगा. उन्हात फोम ठिसूळ होतो.

आठवडाभर खेळणार नसाल तर सेल बाहेर. अल्कलाइन सेल आत गळला की सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरी पूड जमते. ती हाताला लागू देऊ नका, अल्कली आहे. हातमोजे घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या काडीनं पुसा, मग पाण्याच्या ओल्या काडीनं, आणि खडखडीत वाळल्यावरच नवे सेल घाला.

ब्लास्टरचे भडक रंग आणि नळीचं नारिंगी तोंड तसंच राहू द्या. काळा रंग मारून तो खऱ्या हत्यारासारखा करू नका, आणि रस्त्यानं नेताना पिशवीत न्या. दुरून बघणाऱ्याला फोम दिसत नाही, आकार दिसतो.

## ११. ‘जास्त व्होल्टची बॅटरी टाकू का?’

महिनाभरात हा प्रश्न पडतोच. सहा अल्कलाइन सेल मिळून ९ व्होल्ट होतात. तीन घरांची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट देते, आणि भाराखालीही तिचं व्होल्टेज फारसं खाली येत नाही. चाकं जोरात फिरतात हे खरं. पण कंपनीनं बसवलेल्या बारीक तारा, खटके आणि मोटर त्या करंटसाठी केलेल्या नसतात. ती बॅटरी चुकीच्या चार्जरवर, फुगलेली किंवा भोक पडलेली असेल तर पेट घेते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि ती समोरच्याच्या अंगावर जाते.

तारांना डाग द्यायला (सोल्डरिंग) येत असेल, तारांची जाडी आणि फ्यूज यांचा हिशेब कळत असेल, सोबत खेळणाऱ्या सगळ्यांना वाढलेला वेग मान्य असेल तर पुढे त्या वाटेनं जा. पहिल्या महिन्यात नको. आधी वरच्या नवव्या पायरीतला कागद काढा आणि बघा, आत्ता आहे तो वेग तरी पूर्ण मिळतोय का. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन आलेल्या शेवटच्या मुलाचे गोळे मोजले तेव्हा ३ मीटरला ३३ फ्रेम लागत होत्या. सेल बदलले, चाकं पुसली, आणि चाप ओढण्याआधी त्याला सूर ऐकायला लावलं. २५ भरल्या.